पक्षाघाताच्या रुग्णाभोवती टीम कशी बांधावी

लकवा मारून आलेल्या एका रुग्णाच्या खाटेशी पहिल्या आठवड्यात किती जण येऊन जातात ते मोजून पाहा. डॉक्टर, तिन्ही पाळ्यांच्या सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे), स्पीच थेरपिस्ट (बोलणं आणि गिळणं पाहणारे), आहारतज्ज्ञ, फार्मासिस्ट, एक्स-रे टेक्निशियन, समाजसेवा अधीक्षक, मावशी, वॉर्डबॉय. बहुतेक जण आपापलं काम चोख करतात. तरीही पाचव्या दिवशी छातीत कफ भरतो, दहाव्या दिवशी खांदा ठणकायला लागतो आणि डिस्चार्जच्या सकाळी कळतं की घरी संडास भारतीय पद्धतीचा आहे आणि रुग्णाला उकिडवं बसता येत नाही. हे नुकसान एखाद्याच्या हलगर्जीपणातून क्वचितच होतं. ते होतं दोन विषयांच्या मधल्या जागेत, जिथे प्रत्येकाला वाटतं की हे दुसऱ्याचं काम आहे.

त्या मधल्या जागांवर नावं आणि वेळा कशा लिहायच्या, एवढंच इथे सांगितलं आहे. डोळ्यासमोर आहे ते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचं साधारण १०० खाटांचं रुग्णालय. वॉर्डात एका वेळी पक्षाघाताचे दहा-बारा रुग्ण, स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येणारे, ऑक्युपेशनल थेरपिस्ट असले तर एकच.

खर्चाची चिंता असेल तर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधला अभ्यास पाहा. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. १९ स्ट्रोक युनिटपैकी (पक्षाघाताच्या खास वॉर्डांपैकी) काहींत सिस्टरांच्या हाती तीन ठरलेल्या गोष्टी दिल्या: ताप पाहणं, साखर पाहणं, गिळण्याची तपासणी करणं. सोबत टीमच्या कार्यशाळा घेतल्या. ९० दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबन या युनिटांत ४२ टक्के, बाकीच्यांत ५८ टक्के होतं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही.

आधी मधल्या जागांची यादी

एक फुलस्केप कागद घ्या आणि चार रकाने आखा: काम, मुख्य जबाबदार, ती व्यक्ती नसेल तर कोण, किती वेळात. पदनाम लिहून भागत नाही, त्या पाळीचं किंवा त्या महिन्याचं नाव लिहायचं. इंटर्न दर महिन्याला बदलतात, म्हणून त्यांचं नाव मुख्य रकान्यात कधीच घालू नये.

यादीत कमीत कमी एवढं असावं: गिळण्याची पहिली तपासणी, गोळ्या कशा द्यायच्या, कुशीवर वळवणं, खांदा आणि हात सांभाळणं, पहिल्यांदा बसवणं, लघवीची नळी कधी काढायची ते विचारणं, रुग्णाशी ‘हो-नाही’ कसं बोलायचं, आहाराची पातळी, नातेवाइकांचं प्रशिक्षण, घराची चौकशी, योजनांची कागदपत्रं. मुख्य रकान्यात प्रत्येक ओळीसमोर एकच नाव. दोन नावं लिहिली की काम कुणाचंच राहत नाही.

या यादीची मालकी एका समन्वयकाकडे द्या आणि ती किमान सहा महिने हलवू नका. दर आठवड्याला आलटूनपालटून समन्वयक नेमण्याची पद्धत दिसायला न्याय्य वाटते, पण त्यात मागच्या आठवड्याचं बाकी काम कुणालाच आठवत नाही. समन्वयक डॉक्टरच हवा असंही नाही. बहुतेक ठिकाणी इन्चार्ज सिस्टर किंवा वरिष्ठ फिजिओथेरपिस्ट हे काम जास्त चांगलं करतात, कारण ते रोज त्याच वॉर्डात असतात. औषधोपचाराचा शब्द डॉक्टरांचा, वेळापत्रकाचा शब्द समन्वयकाचा, ही वाटणी पहिल्याच दिवशी वरिष्ठांकडून लेखी घ्यावी.

पहिला घोट

सगळ्यात मोठी फट इथे आहे. केस पेपरवर ‘तोंडावाटे काही नाही’ असं लिहिलेलं असतं आणि त्याच संध्याकाळी रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर दिली जाते, कारण गोळी म्हणजे ‘काही’ नव्हे असा समज. नाहीतर मुलगा थर्मासमधून दोन घोट चहा पाजतो. म्हणून नियम असा: गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणी, चहा, गोळी, औषधी द्रव, तीर्थसुद्धा नाही. पाटी खाटेच्या डोक्याशी, मराठीत, मोठ्या अक्षरात. केस पेपर नातेवाईक वाचत नाहीत आणि मावशींच्या हातात तो येतही नाही.

तपासणी ड्यूटीवरच्या प्रशिक्षित सिस्टरने करायची, स्पीच थेरपिस्टची वाट पाहायची नाही. पद्धत अशी:

१. रुग्ण निदान १५ मिनिटं जागा राहू शकतो का पाहा. गुंगीत असेल तर तपासणी पुढे ढकला आणि पुढची वेळ लिहून ठेवा.
२. पाठ सरळ, शक्य तितकं ताठ बसवा. तोंड आतून स्वच्छ करा. कोरड्या, घाण तोंडाने केलेली तपासणी फसवते.
३. ‘आ’ म्हणायला सांगा, खोकायला सांगा. आवाज आधीच ओला, गुळण्या केल्यासारखा असेल तर इथेच थांबा.
४. चहाच्या चमच्याने सुमारे ५ मिली पाणी, तीन वेळा. प्रत्येक घोटानंतर घसा वर सरकतो का बघा, मग पुन्हा ‘आ’.
५. तिन्ही ठीक गेले तर ९० मिली पाणी पेल्याने, न थांबता. त्यानंतर एक मिनिट नजर ठेवा.

खोकला, ठसका, ओला आवाज, ओठांतून पाणी गळणं, मध्येच थांबावं लागणं, यातलं एकही दिसलं तर नापास. नापास म्हणजे तोंडावाटे बंद आणि स्पीच थेरपिस्टला रेफरन्स (तपासायला बोलावणारी चिठ्ठी). एक सावधगिरी राहिली: काही रुग्णांच्या श्वासनलिकेत पाणी जातं तरी ते खोकत नाहीत. त्यामुळे पास झालेल्या रुग्णाला नंतर ताप आला किंवा छाती घरघरायला लागली तर ‘काल तर पास झाले होते’ म्हणून सोडू नये, तपासणी नव्याने करावी.

फार्मासिस्टला टीममध्ये घ्यायचं ते याच जागी. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घातली की सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटल्या जातात. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो, रक्तदाब घसरतो, आणि दुपारी फिजिओथेरपिस्ट बसवायला जातात तेव्हा रुग्णाला घेरी येते. मग दोष व्यायामावर. नळी घातलेल्या प्रत्येक रुग्णाची औषधांची यादी त्याच दिवशी फार्मासिस्टने पाहायची, ‘कुटू नये’ अशा गोळ्यांवर लाल खूण करायची आणि पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा.

‘सॉफ्ट डाएट’ म्हटलं की चार जणांना चार गोष्टी वाटतात

स्पीच थेरपिस्ट ‘सॉफ्ट डाएट’ लिहून जातात. आहारतज्ज्ञ उष्मांक आणि प्रथिनं मोजून देतात. स्वयंपाकघर मऊ भात आणि पातळ वरण पाठवतं. कागदोपत्री सगळं बरोबर आहे, पण पातळ वरणात मोकळी शितं हे कमकुवत गिळणाऱ्यासाठी सगळ्यात अवघड खाणं: पाणी आधी घशात पळतं आणि शितं तोंडात राहतात. दुधात कुस्करलेली पोळी, सांबारातली इडली, पातळ ताकातले पोहे, सगळं त्याच जातीचं.

यावर उपाय म्हणजे शब्द सोडून पातळीचा आकडा वापरणं. गिळण्याच्या त्रासासाठी ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय पातळीपद्धत आहे, आणि ती तपासायला सिरिंज, चमचा आणि काटा पुरतो. १० मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या (शून्यापासून १० च्या खुणेपर्यंत पट्टीची लांबी ६१.५ मिमी हवी, सगळ्या कंपन्यांची सारखी नसते). खालून बोटाने बंद करा, १० मिली भरा, बोट काढा आणि १० सेकंद मोजा. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, म्हणजे साधं पाणी. १ ते ४ मिली उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, ८ पेक्षा जास्त उरलं पण थेंब पडतायत तर ३. सिरिंजमधून काहीच पडत नाही आणि चमचा तिरका केला की गोळा एकसंध सुटतो, ती पातळी ४. त्यापुढे तुकडे येतात: पातळी ५ ला मोठ्या माणसासाठी ४ मिमीपर्यंत रुंदीचे, पातळी ६ ला दीड सेंटिमीटरपर्यंत.

आपल्याकडचे पदार्थ या पातळ्यांवर एकदा बसवून घ्या. स्पीच थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि स्वयंपाकघरातले आचारी यांनी एक दुपार एकत्र बसावं: नाचणीची पेज, रव्याची खीर, घोटलेली मुगाची खिचडी, मिक्सरमधून काढलेलं वरण-भात-भाजी, घट्ट दही. प्रत्येक पदार्थ वाढायच्या तापमानाला मोजायचा, कारण पेज गार होताना घट्ट होते आणि चुलीवर मोजलेली पातळी खाटेशी टिकत नाही. उलटही घडतं. पिठूळ घट्टपणा लाळेने पातळ होतो, म्हणून उष्टा चमचा वाटीत पुन्हा पुन्हा बुडवला तर अर्ध्या तासात वाटीतलं पातळ झालेलं असतं. थोडं थोडं वेगळ्या वाटीत काढून भरवायचं. ही यादी स्वयंपाकघरात आणि वॉर्डात दोन्हीकडे चिकटवली की रेफरन्समध्ये ‘पातळी ४, द्रव पातळी २’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

खांदा, बसवणं आणि घड्याळ

लकव्याच्या बाजूच्या खांद्याभोवतालचे स्नायू सुरुवातीला ढिले असतात आणि हाताच्या वजनाने सांधा खाली ओघळतो. त्यात काखेत हात घालून ओढलं की दुखणं सुरू. ओढणारे बहुधा थेरपिस्ट नसतातच: एक्स-रेच्या टेबलावर सरकवणारे टेक्निशियन, चादर बदलणाऱ्या मावशी, ‘उठा बाबा’ म्हणत हात धरणारा मुलगा. म्हणून उचलण्याचं प्रशिक्षण या तिघांनाच आधी द्या. २० मिनिटं पुरतात: हात ओढायचा नाही, कमरेच्या पट्ट्याला किंवा खुब्याला आधार द्यायचा, खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला तिरकी लावायची, ब्रेक आधी लावायचे, पाय जमिनीला टेकलेले बघायचे. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा आणि सलाईन शक्यतो नको. बसल्यावर हात उशीवर, लोंबता नाही.

घंटी नेहमी चांगल्या बाजूला. भेटायला येणाऱ्याची खुर्ची मात्र कमकुवत बाजूला, कारण डाव्या लकव्यात पुष्कळदा रुग्ण डावीकडचं जग विसरतो आणि त्याला तिकडे वळवायचं असतं. या दोन गोष्टींची अदलाबदल फार होते.

पहिल्यांदा कधी बसवायचं यावरून वाद होतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या २,१०४ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत पहिल्या २४ तासांत सुरू केलेल्या, जास्त मात्रेच्या हालचालींनी निष्पत्ती उलट थोडी वाईट आली. तेव्हा पहिल्या दिवशी घाई नको. त्यानंतर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की थोडं थोडं, पण अनेकदा. एकदाच पाऊण तास दमवण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं तीन-चार वेळा बसवणं बरं. एकटे फिजिओथेरपिस्ट चारदा येऊ शकत नाहीत, म्हणून त्यातली दोन सत्रं सिस्टर आणि नातेवाईक यांच्याकडे लेखी सोपवा.

घड्याळाचे तंटे कागदावरच मिटतात. नळीतून दर दोन तासांनी २०० मिली पातळ अन्न (फीड) जात असेल तर त्यानंतर निदान अर्धा तास डोकं ३० ते ४५ अंशांवर हवं. नेमके त्या वेळी थेरपिस्ट येऊन खाट सपाट करतात, आणि अन्न वर येतं. फीडच्या वेळा ८, १०, १२ असतील तर सपाट झोपून करायचे व्यायाम साडेनऊ किंवा साडेअकराला. एका मोठ्या पांढऱ्या बोर्डावर खाट क्रमांकासमोर फीड, व्यायाम, ड्रेसिंग, राउंड आणि भेटीची वेळ अशा पाच पट्ट्या काढा. भेटीची वेळ त्यात हवीच, नातेवाइकांना शिकवायची तीच एक वेळ.

बोलता न येणाऱ्या रुग्णाच्या ‘हो-नाही’ची खूण स्पीच थेरपिस्टने ठरवावी आणि तीच सगळ्यांनी वापरावी. एक जण डोळे मिटायला सांगतो, दुसरा बोट हलवायला, अशाने रुग्ण गोंधळतो आणि ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा त्याच्या माथी बसतो.

सकाळची दहा मिनिटं

रात्रपाळीचा ओव्हर (पुढच्या पाळीकडे काम सोपवणं) झाल्यावर, राउंडच्या आधी, बोर्डासमोर उभ्यानेच. खुर्च्या मांडल्या की अर्धा तास गेला. प्रत्येक रुग्णामागे ४० सेकंद आणि तीनच प्रश्न: कालपासून काय बदललं, आज धोका कशाचा, आज कुणाचं काय अडलंय. बदल नसेल तर ‘खाट ४, जैसे थे’ आणि पुढे. रात्रीच्या सिस्टरना आधी बोलू द्या. रात्री रुग्ण किती वेळा ओला झाला, किती झोपला, हे दिवसा कुणालाच ठाऊक नसतं.

बिघडतं कुठे, तर कुणीतरी पूर्ण हिस्टरी सांगायला लागतं. समन्वयकाने तिथेच ‘राउंडला’ म्हणून कापावं. वाईट वाटलं तरी चालेल.

आठवड्याची बैठक

४५ मिनिटं, शक्यतो बुधवारी. सोमवारी शनिवार-रविवारच्या भरतीचा गोंधळ असतो आणि शनिवारी सगळे डिस्चार्जमागे धावत असतात. बैठकीत उद्दिष्टं ठरतात, आणि उद्दिष्ट रुग्णाच्या तोंडचं हवं. ‘मला संडासला कुणी न्यायला लागू नये’ असं आजोबा म्हणत असतील तर कागदावर येतं: ‘पुढच्या बुधवारपर्यंत एका माणसाच्या आधाराने खाटेवरून कमोड खुर्चीवर, दिवसा आणि रात्री.’ मग प्रत्येक विषय त्यात आपला वाटा सांगतो: फिजिओथेरपिस्ट उभं राहण्याचा तोल, ऑक्युपेशनल थेरपिस्ट एका हाताने पायजम्याची नाडी सोडणं, सिस्टर दर तीन तासांनी विचारणं, आहारतज्ज्ञ बद्धकोष्ठ होऊ न देणं. ‘चाल सुधारणे’ हे उद्दिष्ट कधी पूर्ण होत नाही आणि कधी चुकतही नाही, म्हणून बिनकामाचं.

प्रगती बार्थेल मोजपट्टीने दर आठवड्याला मोजा: रोजच्या कामांच्या दहा बाबी, ० ते १०० गुण. आकडा कुठे मोजला यावर मात्र भांडणं होतात. व्यायामाच्या खोलीत रुग्ण दहा मीटर चालतो आणि वॉर्डात डायपरवर पडून असतो. मोजपट्टी विचारते ती रुग्ण प्रत्यक्षात रोज काय करतो हे, काय करू शकतो हे नाही. म्हणून गुण सिस्टर आणि थेरपिस्ट यांनी मिळून भरावेत. दोघांच्या आकड्यांत १५-२० चा फरक आला तर तोच बैठकीचा विषय: शिकलेलं वॉर्डात का उतरत नाही? बहुतेकदा कारण साधं निघतं. रात्री एकच सिस्टर, चप्पल घसरती, खाट उंच.

मतभेद झाले तर क्रम ठरलेला असू द्या: आधी श्वास आणि गिळणं, मग त्वचा आणि खांदा, मग रुग्णाची इच्छा, शेवटी आपापल्या विषयाचा आग्रह. रुग्ण शुद्धीत असून धोका समजावूनही ‘मला साधा चहाच हवा’ म्हणत असेल, तर लपूनछपून पाजण्यापेक्षा डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्टनी बसून, बोलून, कमीत कमी धोक्याची रीत ठरवून तसं लिहून ठेवावं.

रेफरन्स: चार ओळी

‘फिजिओ ओपिनियन प्लीज’ हा रेफरन्स नव्हे. चार गोष्टी लिहा: स्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, हवं ते. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आलेली ही रीत आठवड्यातून दोनदाच येणाऱ्या थेरपिस्टसाठी फार सोयीची पडते. नमुना:

‘खाट ७, पुरुष, ६२, डावा लकवा, तिसरा दिवस. पाण्याची तपासणी काल संध्याकाळी नापास: दुसऱ्या चमच्याला ठसका, आवाज ओला. नळी चालू, ताप नाही. श्वासनलिकेत जात असावं असं वाटतं. हवं: सविस्तर तपासणी, तोंडावाटे सुरू करता येईल का आणि कोणत्या पातळीवर. शनिवारी डिस्चार्जचा विचार आहे, त्याआधी.’

शेवटचं वाक्य वगळू नका. तारखेशिवाय आलेला रेफरन्स ढिगाच्या तळाशी जातो. व्हॉट्सअॅप ग्रुप ‘रेफरन्स टाकलाय’ एवढं कळवायला ठीक. रुग्णाचं नाव, फोटो, व्हिडिओ तिथे नको, आणि निर्णय केस पेपरवरच.

थांबवण्याचा अधिकार

मावशींनी पाहिलं की वरिष्ठ डॉक्टर तपासणी न झालेल्या रुग्णाला पाणी पाजायला सांगतायत, तर मावशी बोलतील? बहुतेक ठिकाणी नाही. त्यांना एक तयार वाक्य द्या: ‘साहेब, पाटी अजून आहे.’ कुणीही, कुणालाही म्हणू शकतं आणि ऐकणाऱ्याने तिथेच थांबायचं. विभागप्रमुखांनी पहिल्या महिन्यात दोनदा तरी सगळ्यांदेखत ‘बरं झालं सांगितलंत’ म्हटलं की हे रुजतं. त्यांनी एकदा डोळे वटारले तर वर्षभर कुणी तोंड उघडत नाही.

फिजिओथेरपिस्टना ‘मालिशवाले’ आणि आहारतज्ज्ञांना ‘किचनवाल्या मॅडम’ म्हणण्याची सवयही यातच मोडते. या व्यवसायांसाठी २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा स्वतंत्र कायदा झाला. वॉर्डातल्या बोर्डावर निदान नाव आणि पद तरी नीट लिहावं.

घरी जाण्याची तयारी तिसऱ्या दिवसापासून

पहिला प्रश्न: घरी सांभाळणार कोण? रुग्णालयात मुलगा बसलेला असतो, गावी सांभाळणार असते बायको नाहीतर सून. सगळं शिकवलं मुलाला आणि तो डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी पुण्याला नोकरीवर. जी व्यक्ती प्रत्यक्ष सांभाळणार तिला भरतीत तीन वेळा बोलवा: एकदा बघायला, एकदा आपल्या देखरेखीखाली करायला, एकदा सगळं एकटीने करून दाखवायला. तिसरी वेळ झाल्याशिवाय यादीवर खूण नाही.

ऑक्युपेशनल थेरपिस्टनी घराचा व्हिडिओ फोनवर मागवावा: दाराची रुंदी, उंबरा, खाटेची उंची, संडास घरात की अंगणात, रात्री दिवा कुठे. समाजसेवा अधीक्षकांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं भरतीच्या पहिल्या दोन दिवसांतच बघावीत, रेशन कार्ड गावाला राहिलंय हे शेवटच्या दिवशी कळून उपयोग नाही. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. पक्षाघातात तपासणी सहसा प्रकृती स्थिरावल्यावर होते, तेव्हा कधी आणि कुठे जायचं ते डिस्चार्ज कार्डावरच लिहावं.

डिस्चार्ज कार्डावर प्रत्येक विषयाची वेगळी पुरवणी नको. घरच्यांना पाच कागद दिले की एकही वाचला जात नाही. एकच पान: खाण्याची पातळी, गोळ्यांच्या वेळा, रोजचे चारच व्यायाम, खांद्याचं चित्र, आणि ‘ताप, ठसका किंवा नवा लकवा दिसला तर थांबू नका, लगेच या’.

मोजायचं काय

चार आकडे बास. तोंडावाटे काहीही देण्याआधी गिळण्याची तपासणी झालेले किती, भरतीत न्यूमोनिया झालेले किती, खांदा दुखायला लागलेले किती, घरच्या व्यक्तीचं तिसरं सत्र होऊन गेलेले किती. प्रत्येक आकडा ‘इतक्यांपैकी इतके’ असाच लिहा. वॉर्डात दहाच रुग्ण असताना टक्केवारी उगाच उड्या मारते. महिन्याचा कागद भिंतीवर लावा, पण कुणाच्या पाळीत किती चुकलं ते त्यावर नको. तसं केलं की दुसऱ्याच महिन्यापासून सगळ्या तपासण्या कागदावर वेळेत झालेल्या दिसतात.

डिस्चार्जनंतर ७२ तासांनी समन्वयकाने घरी एक फोन करावा. तीन प्रश्न: काय खातायत, कसं बसवता, कोणती गोळी संपली. उत्तरं त्याच फुलस्केपच्या मागे लिहायची आणि पुढच्या बुधवारी बैठकीत तिथूनच सुरुवात करायची.